नातवाच्या पुस्तकातला वास्को

सप्रेम नमस्कार,

मी फोंडा तालुक्यातली, वय बहात्तर. मुलगा आणि सून काही वर्षांपूर्वी पोर्तुगालचे पासपोर्ट करून लिस्बनला गेली. नातू तिथल्याच शाळेत आहे, आता सहावीत. यंदा गणेश चवथीला सगळी आली होती. जेवणे झाल्यावर आमच्या ह्यांनी नातवाला सहज विचारले, शाळेत इतिहासात काय शिकवतात रे? पोराने हौसेने सांगितले, वास्को द गामाने भारत शोधून काढला, मग आल्बुकेर्कने गोवा जिंकला, तेव्हा आम्ही जगात सगळ्यात मोठे व्यापारी होतो. सहावीचे नवे पुस्तक त्याने मोबाईलवर काढून दाखवले. त्यात 1961 बद्दल एकच ओळ. भारताने गोवा, दमण आणि दीववर आक्रमण करून ते ताब्यात घेतले म्हणून.

त्याचे ते 'आम्ही' ऐकले आणि ह्यांचा तोल सुटला. मुक्तीच्या वेळी हे तेरा वर्षांचे होते. ह्यांचे थोरले भाऊ आग्वादच्या तुरुंगात होते. साडेचारशे वर्षे आम्हाला गुलामीत ठेवले, देवळे पाडली, आणि तू त्यांना आम्ही म्हणतोस, असे नको तितके बोलून गेले. पोर रडत आत गेले. आता ती परत गेली. फोनवर नातू आजोची चौकशी करत नाही आणि फोनची वेळ झाली की हे मुद्दाम बाहेर जाऊन बसतात. गंमत म्हणजे हे स्वतः पोर्तुगीज 'प्रिमेर ग्राव', म्हणजे प्राथमिक शाळा, शिकलेले. तिकडच्या नद्या अजून तोंडपाठ.

हे म्हणतात, शाळेला कडक पत्र लिहू, इथून पुस्तके पाठवू. सून म्हणते, कृपा करून काही लिहू नका, आम्ही तिथे उपरे, पोराला त्रास होईल. मुलगा गप्प. पोराला खरे कळले पाहिजे असे मलाही वाटते, पण मला नातूही हवा आहे. पुस्तकाची पाने पाठवते आहे. काय करावे?

— एक आजी

*

माई, नमस्कार.

पाने मिळाली. पोर्तुगीज चांगले जाणणाऱ्या एका स्नेह्यांना शेजारी बसवून ओळ न ओळ वाचून घेतली. भाऊंना, म्हणजे तुमच्या ह्यांना, राग येईल, पण आधी पुस्तकाची बाजू सांगते, कारण भांडायचे तर कशाशी भांडतो आहोत ते नीट माहीत असलेले बरे.

त्या पानांत धडधडीत खोटे फारसे नाही. 1498 मध्ये गामा कालिकतला पोचला, हे खरे. 1505 मध्ये आल्मेदा पहिला व्हाइसरॉय होऊन आला, 1510 मध्ये आल्बुकेर्कने गोवा घेतला, 1511 मध्ये मलाक्का, 1515 मध्ये होर्मुझ, हेही खरे. मिरी, दालचिनी, लवंग लिस्बनला कशी जात याचा रंगीत नकाशा आहे. मिशनरी आले आणि पोर्तुगीजांनी इथल्या बायकांशी लग्ने केली, याला दोन ओळी दिल्या आहेत. आफ्रिकेतल्या गुलामांच्या व्यापारावर एक चौकट आहे आणि ती बरी लिहिली आहे. म्हणजे लेखक काही दुष्ट माणसे नाहीत. 1961 च्या ओळीतल्या 'आक्रमण' या शब्दावर भाऊ भडकले, पण त्या एका शब्दावर वाद घालण्यात मला रस नाही. खरी खोट वेगळीच आहे, आणि ती त्या पानांवर दिसणार नाही, कारण ती पानेच छापलेली नाहीत.

तुमच्या नातवाच्या पुस्तकात गोवा 1510 मध्ये उगवतो आणि 1961 मध्ये मावळतो. मधल्या काळात इथे माणसे राहत होती याची खूण नाही. 1560 मध्ये इथे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, बसले आणि मधली काही वर्षे सोडली तर 1812 पर्यंत चालले, ते नाही. 1583 मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेजुइट पाद्र्यांना मारले आणि मग त्यांच्या पुढाऱ्यांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केले, ते नाही. 1787 मध्ये खुद्द ख्रिस्ती गोंयकार पाद्र्यांनी राज्य उलथायचा बेत केला होता, सत्तरीचे राणे पुन्हा पुन्हा उठले, 18 जून 1946 ला मडगावात लोहिया बोलायला उभे राहिले, 15 ऑगस्ट 1955 ला सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. यातले एक अक्षर नाही. गलबत किनाऱ्याला लागले की भारत सुरू, शेवटचे गलबत निघाले की भारत संपला. असे पुस्तक वाचणाऱ्या मुलाला 1961 हे आभाळातून पडल्यासारखे वाटणारच. काही कारण नसताना एका मोठ्या देशाने छोट्यावर झडप घातली, असेच तो समजेल.

पण माई, परक्या देशाचा इतिहास शाळेच्या पुस्तकात असाच येतो, बहुतेक सगळीकडे. आपल्याकडेही. आपण शाळेत पोर्तुगालबद्दल काय शिकलो? वास्को आला, आल्बुकेर्क आला, एकसष्टात गेले. मधल्या काळात पोर्तुगालातही माणसे राहत होती, याचा आपल्यालाही पत्ता नसतो. आणि हा वास्को आपल्याही पुस्तकात कसा भेटतो? भारताचा सागरी मार्ग शोधणारा धाडसी दर्यावर्दी म्हणून. एका तोंडाने त्याला शिव्या द्यायच्या आणि दुसऱ्या तोंडाने वास्कोची तिकिटे काढायची, हे आपण मजेत करतो. एक अख्खे शहर, त्याचे रेल्वे स्टेशन त्याच्या नावाने आहे आणि ओल्ड गोव्याच्या व्हाइसरॉय कमानीवर तो दगडात उभा आहे.

आणखी एक सांगते, ते मराठी माणसाला जरा झोंबते. 1740 च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या घोडेस्वारांनी बंगालवर वर्षानुवर्षे स्वाऱ्या केल्या. आपल्या पुस्तकात ती चौथाईची वसुली असते, मराठ्यांचा पूर्वेकडचा विस्तार असतो. बंगालात मात्र 'बर्गी' आले म्हणून आया लेकरांना भीती घालून निजवत. तेच घोडे, तीच वर्षे. उद्या कोलकात्याचा एखादा मुलगा आपल्या नातवंडांना म्हणाला की तुमच्या लोकांनी आमची गावे जाळली, तर आपण काय सांगणार? भाऊंनी यावर रागावण्याआधी दोन दिवस विचार करावा.

आता त्या साडेचारशे वर्षांबद्दल. हा आकडा आपण सगळेच सवयीने फेकतो, पण तो तिसवाडी, बार्देस आणि सासष्टीचा. तुमच्या फोंड्याचा नव्हे. फोंडा आदिलशाहीत होता, मग 1675 मध्ये शिवाजी महाराजांनी किल्ला घेतला, 1683 मध्ये व्हाइसरॉय स्वतः फौज घेऊन फोंड्यावर चालून आला आणि संभाजीराजांमुळे त्याला हात हलवत परतावे लागले. पोर्तुगीजांच्या हाती तुमचा तालुका पडला तो 1763 च्या सुमारास, सौंध्याच्या राजाची सत्ता कोसळली तेव्हा. म्हणजे जेमतेम दोनशे वर्षे. पेडणे तर 1788 मध्ये गेले. नातवाने उद्या हे कुठे वाचले आणि आजोला विचारले की तुम्ही साडेचारशे कसे म्हणालात, तर आजोची बाकीची खरी गोष्टही त्याला संशयाची वाटेल. पोराच्या पुस्तकाला तपासणी लावायची तर आपल्या बोलण्यालाही लावा.

आणि फोंडा त्यांच्या हाती नव्हता, हीच तर तुमच्या घरातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. सोळाव्या शतकात नदीपलीकडे देवळे पडू लागली तेव्हा लोकांनी देव उचलून होडीतून अलीकडे आणले, कारण अलीकडे पोर्तुगीजांचे राज्य नव्हते. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. दिवाडीचा सप्तकोटेश्वर डिचोलीत नार्व्याला गेला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचे देऊळ उभारले. चवथीला नातू आला होता तेव्हा यांतल्या एखाद्या देवळात तुम्ही त्याला नक्की नेले असणार. हा देव इथला नव्हे, नदीपलीकडून पळून आला आहे, हे कोणी त्याला सांगितले का? बहुतेक घरांत सांगत नाहीत. पाया पड, प्रसाद घे, चल, पावसाआधी घरी पोचू. मग पोर इतिहास पुस्तकातूनच शिकणार, दुसरे करील काय!

आता भाऊंबद्दल. पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही 'गंमत म्हणजे' म्हणून जाता जाता लिहिली आहे. ते स्वतः प्रिमेर ग्राव शिकले. म्हणजे या घरात पोर्तुगीज शाळेचे इतिहासाचे पुस्तक आधी आजोने वाचले, मग नातवाने. आणि भाऊंनी वाचलेले नातवाच्या पुस्तकापेक्षा कितीतरी एकतर्फी होते. ते पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचे दिवस होते. तेव्हा तिकडे प्राथमिक शाळेला सरकारने ठरवलेले एकच पुस्तक असे, आणि 1951 पासून तर गोव्याला वसाहत म्हणायचीच सोय नव्हती. तो 'सागरापलीकडचा प्रांत' होता, पोर्तुगालचाच तुकडा. मांडवीकाठच्या मुलांनी तेजो आणि दोरू नद्या पाठ करायच्या. हे करणारा मुलगा आज सत्त्याहत्तर वर्षांचा होऊन तुमच्या बाल्कांवात बसला आहे आणि त्याचा नातू तेजोच्या काठी राहतो. या दोघांना एकमेकांशी बोलायला विषय नाही?

भाऊंना म्हणावे, व्याख्यान देऊ नका. फक्त सांगा की तुमच्या वर्गात काय पाठ करून घेत, भिंतीवर कोणाचा फोटो असे, मराठी शिकायला कुठे जावे लागे, चुकले की मार बसे का. नद्या म्हणून दाखवा. नातू चुका काढील, उच्चार सुधारील, हसेल. हसू द्या. मग एखाद्या दिवशी तोच विचारील की तुम्हाला आमच्या नद्या का शिकवल्या. तिथून पुढचे भाऊंना मी सांगायची गरज नाही.

थोरल्या भावांची गोष्टही सांगायलाच हवी. पण ती चवथीच्या दिवशी सांगितली तशी, 'तुझे लोक' आणि 'माझे लोक' करून नको. एक तर ते खरे नाही. आग्वादात ज्यांनी गोंयकारांना डांबले, त्याच राजवटीने लिस्बनच्या आल्जुब तुरुंगात, पेनिशच्या किल्ल्यात, काशियशला हजारो पोर्तुगीज माणसे कोंडली होती. सालाझारचे पोलीस तेच. गोव्याचे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा शिक्षा होऊन पेनिशला गेले. आणि तुमच्याच तालुक्यात, सावईवेऱ्याला मराठीचे मास्तर म्हणून राहिलेले मोहन रानडे! 1955 मध्ये पकडले गेले, सव्वीस वर्षांची सजा झाली आणि काशियशच्या तुरुंगातून सुटले ते 1969 मध्ये. गोवा मुक्त होऊन सात वर्षे उलटली होती. काशियश लिस्बनला लागूनच आहे, कश्काइशला जाणारी लोकल तिथे थांबते. तुमच्या नातवाच्या वर्गातल्या एखाद्या मुलाच्या आजोबाने त्याच तुरुंगात दिवस काढले असतील. फोंड्याच्या शाळेतला मास्तर आणि लिस्बनचा कामगार एकाच राजवटीच्या कोठड्यांत होते, हे नातवाला कळले तर 1961 ची ओळ त्याच्यासाठी वेगळी होईल. पेनिश आणि आल्जुब आता संग्रहालये आहेत. आपले आग्वादही 2021 पासून लोकांना पाहायला खुले आहे. मुलगा गप्प आहे म्हणता ना, त्याला एक काम द्या. एका रविवारी पोराला घेऊन आल्जुबला जाऊन ये म्हणावे. मोठ्या कॅथेड्रलच्या समोरच आहे.

एकसष्टाची पोर्तुगालकडची बाजूही भाऊंनी सांगितली तर फार बरे होईल. सालाझारने गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वाला हुकूम पाठवला होता की शरण जायचे नाही, एक तर जिंका नाहीतर मरा. त्या माणसाने ओळखले की हे लढणे म्हणजे नुसती माणसे मारणे आहे, आणि 19 डिसेंबरला शरणागती लिहून दिली. पोर्तुगालात परत गेल्यावर त्याला लष्करातून हाकलले. 1974 मध्ये तिथे क्रांती झाल्यावरच त्याची पत परत आली. पकडलेले तीन हजारांहून जास्त पोर्तुगीज सैनिक पाच महिने इथल्या छावण्यांत होते, एक छावणी तर तुमच्या फोंड्यातच होती. त्यांना लवकर घरी न्यायची सालाझारला घाई नव्हती. गोवा भारताचा, हे पोर्तुगालने मान्य करून करारावर सही केली ती 31 डिसेंबर 1974 ला, लोकशाही आल्यावर आठ महिन्यांनी. नातवाचा देश म्हणजे एप्रिल 1974 नंतरचा हा पोर्तुगाल. त्याबद्दल त्याने 'आम्ही' म्हटले तर आपले काही जात नाही.

या 'आम्ही'बद्दल थोडे कडू बोलते. नातवाला हा पासपोर्ट कशामुळे मिळाला? आजो 1961 पूर्वी गोव्यात जन्मला आणि तो जन्म पोर्तुगीजांच्या वहीत नोंदला गेला, म्हणून. मुलगा तिकडे गेला तो त्या दाखल्यावर, आणि कागदपत्रे काढायला भाऊ स्वतःच कुठे कुठे हिंडले असतील. राग गिळून ते केले, कारण मुलाचे भले व्हायचे होते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण मग अकरा वर्षांच्या पोराने शाळेत जे शिकवले ते मान्य केले म्हणून त्याला फितूर ठरवू नये. त्याला दोन 'आम्ही' असणार आहेत. तुमच्याशी बोलताना एक, वर्गात दुसरे. आपण त्याला एक निवडायला लावले तर तो रोज जिथे राहतो तेच निवडील. रडत आत गेला तेव्हा त्याने बहुधा तेच केले.

शाळेला पत्र लिहायचे का? फोंड्याहून, नाही. सुनेचे त्यात बरोबर आहे. समुद्रापलीकडून आलेले कडक पत्र मुख्याध्यापक फाईलला लावतील आणि वर्गात पोराकडे वेगळ्या नजरेने पाहतील. शिवाय ते पुस्तक शिक्षकाने लिहिलेले नसते. आता तिकडे खाजगी प्रकाशकांची वेगवेगळी पुस्तके असतात आणि शाळा त्यातले एक निवडते. पत्राने त्यातले स्वल्पविरामही हलणार नाही.

पण सून म्हणते तसे गप्प बसणेही मला पटत नाही. तिला सांगा, तुम्ही तिथे उपरे नाही. पासपोर्ट आहे, कर भरता, पोर तिथल्या शाळेत आहे. आणि हा वाद पोर्तुगीज आपसातही घालत आहेत. 2018 मध्ये लिस्बनच्या नगरपालिकेने 'शोधांचे संग्रहालय' काढायचे ठरवले तेव्हा शंभरावर इतिहासकारांनी आणि अभ्यासकांनी जाहीर पत्र काढून त्या नावाला विरोध केला. त्याच वर्षी युरोपच्या परिषदेच्या वंशभेदविरोधी आयोगाने पोर्तुगालला सुनावले की वसाहतींचा इतिहास शाळेत कसा शिकवता याचा फेरविचार करा. म्हणजे सुनेने शिक्षिकेशी विषय काढला तर तो तिला अगदीच नवा नसेल. कदाचित ती शिक्षिका अशा पालकाची वाटच पाहत असेल. नसेलही, पण विचारायला काय जाते.

विचारायचे कसे, तर तक्रार म्हणून नको. तिकडे प्रत्येक वर्गाला पालकांशी बोलणारा एक जबाबदार शिक्षक नेमलेला असतो. त्याला भेटून एवढेच म्हणायचे की आमचे कुटुंब गोव्याचे आहे, वर्गात हा भाग येतो आहे, तर मुलाला दहा मिनिटे त्याच्या घरची गोष्ट सांगू द्याल का? 'तुमचे पुस्तक चुकीचे आहे' याला शिक्षक उत्तर देतो. 'माझ्या आजोबांची गोष्ट सांगू का' याला तो खुर्ची देतो.

त्या दहा मिनिटांत पोराने काय सांगावे? इथे भाऊंनी हात आवरायचा आहे. इन्क्विझिशनच्या छळाची चित्रे नकोत. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे लाखांचे आकडे अजिबात नकोत, ते कोणी मोजलेले नसतात, आणि एका खोट्या आकड्यापायी चार खऱ्या गोष्टी बुडतात. 1502 मध्ये गामाने हजहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज बायकापोरांसकट जाळले, हे खरे आहे आणि पोर्तुगीजांनीच लिहून ठेवले आहे. पण ते नातू चौदा-पंधराचा झाला की सांगा. आत्ता अकरा वर्षांच्या पोराला त्याच्या मित्रांसमोर जल्लादाचा वारस म्हणून उभे करू नका.

त्यापेक्षा गंमतीची आणि पक्की गोष्ट द्या. गामाच्या पहिल्या सफरीची दैनंदिनी त्याच्याच ताफ्यातल्या एकाने लिहिली आहे. तिची जुनी हस्तलिखित प्रत पोर्तू शहराच्या ग्रंथालयात आहे. तीत लिहिले आहे की कालिकतला पहिला पोर्तुगीज माणूस किनाऱ्यावर उतरला तर त्याला भेटले कोण? ट्युनिसचे दोन मूर, म्हणजे मुसलमान, चक्क स्पॅनिश बोलणारे! त्यांनी विचारले, तुला इकडे कोणत्या सैतानाने आणले? हा म्हणाला, आम्ही ख्रिस्ती माणसे आणि मसाले शोधत आलो. मग कालिकतच्या सामुद्री राजासाठी गामाने भेटी काढल्या. पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे बारा नग, चार लाल टोपडी, सहा हॅट, पोवळ्यांच्या चार माळा, हात धुवायची सहा भांडी, साखरेची एक पेटी, तेलाची दोन पिंपे आणि मधाची दोन. राजाचे अधिकारी ते पाहून हसले. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीही याहून जास्त देतो म्हणाले, द्यायचे तर सोने द्या.

बस, एवढे. यात कोणाला शिवी नाही. ऐकणारी मुले हसतील आणि हसता हसता त्यांना कळेल की ज्या बंदराला शोधून काढले म्हणतात तिथे आधीच अर्धे जग व्यापार करत होते, आणि पाहुणा आला तो सर्वांत गरीब होता. साधन पोर्तुगीज, लिहिणारा पोर्तुगीज, कोणी नाही म्हणू शकत नाही. त्यानंतर पोराने आपल्या कुळाच्या देवाचा फोटो दाखवावा आणि हा देव होडीतून आला म्हणून सांगावे. शेवटी आजोने प्रिमेर ग्रावात पाठ केलेल्या नद्यांची यादी आजोच्याच आवाजात मोबाईलवर लावावी. नकाशावर गोवा दाखवायची जबाबदारी शेजारच्या बाकावरच्या मित्राला द्यावी.

पुस्तकांचे म्हणाल तर पार्सल करू नका. इथली चांगली पुस्तके मराठीत आणि इंग्रजीत आहेत, तो पोर्तुगीजमध्ये वाचतो. मराठी त्याची बोलण्यापुरती असणार. जड पुस्तक पाठवले की ते कपाटावर जाते आणि आजोने पाठवलेले वाचले नाही हा आणखी एक अपराध पोराच्या डोक्यावर बसतो. भाऊंनी दर आठवड्याला दोन-तीन मिनिटांचा आवाज भरून पाठवावा. सोपी वाक्ये, एका वेळी एकच गोष्ट. पुढच्या चवथीला आला की एक दिवस आग्वादला न्या, एक दिवस होडीने दिवाडीला. थोरल्या भावांची कोठडी कुठली होती ते भाऊंनी तिथे उभे राहून दाखवावे, जमले तर फार न बोलता.

आणि तुमच्या 'काय करावे'चे पहिले उत्तर शेवटी देते, कारण आधी दिले असते तर तुम्ही पुढचे वाचले नसते. आधी समेट. तोही भाऊंनी करायचा, तुम्ही मध्ये पडून नव्हे. इतिहासात ते बरोबर असतील, पण चवथीच्या दिवशी मुलाला रडवले ते बरोबर नव्हते, आणि ही दोन वेगळी खाती आहेत. 'मी ओरडलो, तसे ओरडायला नको होते' इतके म्हटले की पुरे. 'पण तुझे पुस्तक' असे त्याला जोडू नका, पुस्तक पुढच्या फोनला.

ऑक्टोबरच्या शेवटी तिकडची घड्याळे मागे जातील, मग लिस्बन आपल्याहून साडेपाच तास मागे असेल. रविवारी आपल्या दुपारी चारला तिथे सकाळचे साडेदहा वाजतात. शाळा नाही, पोर नुकते उठलेले, मुलगा-सून घरात. त्या वेळी फोन लावा, भाऊंच्या हातात द्या आणि तुम्ही स्वयंपाकघरात चहा टाकायला जा.